माणूस येणार हे देवाला आधीच ठाऊक होतं का? (डार्विन, एसा ग्रे आणि दगडांचं घर)

सातवीण

बारावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात उत्क्रांतीचा पाठ संपला, तास सुटला आणि एक मुलगी टेबलापाशी येऊन थांबली. "मॅडम, देवाला सगळं आधीच कळतं ना? मग माणूस होणार हेही त्याला कळलेलं असणार. मग त्यानेच ठरवलं असं का नाही म्हणायचं?" मी म्हटलं, विचार करून सांगते. आठ दिवस झाले, अजून तिला उत्तर दिलेलं नाही.

एक विनंती आधीच करते. देव आहे की नाही या वादात हा धागा नेऊ नका. आमच्या घरात वारी आहे, मी स्वतः श्रद्धाळू आहे आणि उत्क्रांतीही मला पूर्ण मान्य आहे. माझी अडचण या दोन्हींच्या मधली आहे.

हाच प्रश्न घेऊन दोन माणसं वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होती. एक चार्ल्स डार्विन, दुसरा हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे. ग्रे निष्ठावान ख्रिस्ती होता. उत्क्रांतीचा सिद्धान्त छापून येण्याआधी, १८५७ मध्येच, डार्विनने तो ग्रेला पत्रातून कळवला होता, इतका त्याच्यावर विश्वास. पुढे ग्रेने लेख लिहून मांडलं की नैसर्गिक निवड आणि ईश्वरी योजना एकमेकींना छेद देत नाहीत. ते लेख डार्विनने पैसे घालून पुस्तिका करून छापून घेतले. त्याला स्वतःला मात्र ते पटत नव्हतं.

२२ मे १८६० च्या पत्रात तो ग्रेला लिहितो की जगात दुःख फार आहे. एका जातीची गांधीलमाशी जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते, पिल्लं अळीला आतून खात वाढतात. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम घडवलं असेल हे माझ्या मनाला पटत नाही, असं तो म्हणतो. पण हे सगळं विश्व आणि माणसाचा स्वभाव निव्वळ आंधळ्या बळातून आलं, हेही त्याला पटत नाही. तो मधली वाट काढतो: नियम योजलेले असतील, तपशील मात्र योगायोगावर सोडलेले असतील. नऊ वर्षांपूर्वी त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली होती. पत्रात तिचा उल्लेख नाही, पण ते वाचताना मला ती आठवतेच.

जुलैमध्ये तो आणखी टोकदार होतो. एखादी पाकोळी उडता उडता एक चिलट टिपते. त्या पाकोळीने, तेच चिलट, त्याच क्षणी टिपावं असं देवाने ठरवलं होतं का? नसेल, तर ते चिलट जन्माला यावं हे तरी ठरवलेलं कशावरून? आणि चिलटाचं नसेल, तर माणसाचं कशावरून? मला हे वाचून लहानपणापासून ऐकलेला अभंग आठवला, झाडाचं पानही त्याच्याच सत्तेने हलतं. पान आणि चिलट, एकच प्रश्न. आमच्या घरातलं उत्तर 'हो' आणि त्याचं उत्तर 'नाही'.

ग्रेचं म्हणणं होतं, बदल हितकर दिशेने नेले जात असावेत. पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पतींतल्या बदलांवरच्या १८६८ च्या ग्रंथाच्या शेवटी डार्विनने त्यावर दृष्टान्त दिला. कड्यावरून कोसळलेले ओबडधोबड दगड आहेत. गवंडी त्यातले हवे ते निवडून घर बांधतो. दगड कसा फुटला याला कारणं आहेत, पण या गवंड्याला या घरासाठी उपयोगी पडावा म्हणून तो तसा फुटला, असं म्हणता येईल का? कबुतरं पाळणाऱ्यांच्या हौसेसाठी कबुतराची शेपटी बदलली का? बैलाला जबड्यात धरून खाली पाडणारा कुत्रा माणसाला आपल्या क्रूर खेळासाठी तयार करता यावा, म्हणून कुत्र्याच्या शरीरात बदल घडवले गेले का?

इथवर तो जिंकतो. पण लगेच पुढे तो म्हणतो की सर्वशक्तिमान, सर्वज्ञ कर्ता मानला तर त्याला प्रत्येक दगड आधीच दिसणार आणि प्रत्येक गोष्ट त्यानेच नेमलेली असणार. इच्छास्वातंत्र्य आणि प्रारब्ध यांच्यासारखाच न सुटणारा हा पेच आहे, असं लिहून तो थांबतो.

माझं म्हणणं असं: 'नियम देवाचे, तपशील योगायोगाचे' हे आपण अनेक जण सहज बोलून जातो. पण जो त्रिकालज्ञ आहे त्याच्यासाठी 'तपशील सोडून देणं' शक्यच नाही. दगड कसा फुटणार हे माहीत असून ज्याने कडा उभा केला, त्याने तो दगड तसा फोडलाच. मग मधली वाट उरत नाही. मी कुठे चुकते आहे का?

घाटवाट

माणूस येण्यासाठी काय काय व्हावं लागलं याचा एक भाग तर आपल्या पायाखाली आहे. सह्याद्रीत कुठल्याही घाटात गाडी थांबवली की काळ्या कातळाचे थरांवर थर दिसतात. तो सगळा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. त्याच सुमारास मेक्सिकोत चिक्षुलूब इथे अशनी आदळला. डायनोसॉर संपले (पक्षी तेवढे उरले) आणि लहान सस्तन प्राण्यांना मोकळं रान मिळालं. अशनी चुकून बाजूने गेला असता तर हा धागा लिहायला आपण नसतो. यातला कुठला दगड नेमलेला होता म्हणायचं, आकाशातला की जमिनीतला? मला दोन्ही तितकेच आंधळे वाटतात. पण ट्रेकला गेल्यावर त्या कातळावर बसून सूर्योदय बघताना आंधळे म्हणवत नाही, हेही खरं आहे.

शून्यप्रहर

सातवीण, तुम्ही चुकत नाही आहात. माझ्या कामातलं उदाहरण देतो.

चालक-वाहकांच्या ड्यूट्या लावायला मी उत्क्रांतीच्या धर्तीवरचा प्रोग्रॅम वापरतो. आधी शेकडो वेळापत्रकं वाटेल तशी बनवायची, बरी असतील ती ठेवायची, त्यांची आपसात सरमिसळ करायची, थोडे बदल वाटेल तसे करायचे, पुन्हा निवडायची. हजारो पिढ्यांनंतर जे हाती येतं ते मी टेबलावर बसून कधीच बनवू शकलो नसतो. आता हा 'वाटेल तसा' बदल कॉम्प्युटरमध्ये एका आकड्यातून निघतो, त्याला आम्ही सीड म्हणतो. तेच सीड पुन्हा दिलं की शेवटच्या ड्यूटीपर्यंत तंतोतंत तेच वेळापत्रक येतं. म्हणजे आत बघणाऱ्याला योगायोग, बाहेरून पाहिलं तर सगळं ठरलेलं.

पण मला उत्तर आधी माहीत नसतं. प्रोग्रॅम चालवावा लागतो. म्हणून एखाद्या चालकाला सलग तीन रात्रपाळ्या लागल्या तर 'मी मुद्दाम लावल्या नाहीत' असं मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. आता समजा प्रत्येक सीडचा निकाल न चालवताच मला दिसतो आहे आणि त्यातलं एक मी उचललं. मग त्या तीन रात्रपाळ्या मीच लावल्या. हात झटकायला जागा नाही.

मला खरा अडतो तो पुढचा प्रश्न. निकाल आधीच दिसत असेल तर प्रोग्रॅम चालवायचाच कशाला? अब्जावधी वर्षं, कोट्यवधी जाती नामशेष. ज्याला उत्तर माहीत आहे तो गणित इतक्या लांबून का सोडवेल?

बावखल

आमच्याकडे, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती घरांत, हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातच भेटतो. चर्चला उत्क्रांतीचं वावडं आहे असा अनेकांचा समज असतो. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला मोकळीक दिली आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा सिद्धान्त आता नुसतं गृहीतक राहिलेला नाही असं सांगितलं.

सातवीण, तुमच्या मांडणीत 'आधी' हा शब्द सगळं ओझं उचलतो आहे. सहाव्या शतकात बोएथियस नावाचा रोमन विद्वान कैदेत मृत्युदंडाची वाट बघत होता. त्याने तिथे लिहिलं की देवाला 'आधी' काही दिसत नाही, कारण देव काळाच्या आत नाहीच. आपल्याला जे काल, आज, उद्या आहे ते त्याला एकदमच समोर आहे. पुढे थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने उदाहरण दिलं: रस्त्याने चालणाऱ्याला मागून येणारा दिसत नाही, उंचावर उभं राहून बघणाऱ्याला सगळा रस्ता एकाच वेळी दिसतो. तुम्ही बसला आहात हे मला दिसतं म्हणून तुम्हाला बसावं लागलं असं नव्हे.

अक्वायनसचं आणखी एक म्हणणं मला फार धीराचं वाटतं. काही गोष्टी अटळपणे व्हाव्यात आणि काही योगायोगानेच व्हाव्यात, ही दोन्ही देवाचीच इच्छा आहे. म्हणजे योगायोग हा योजनेतला छेद नसून योजनेचाच एक धागा.

शून्यप्रहर

@बावखल, उंचावरचा माणूस फक्त बघतो. त्याने रस्ता बांधलेला नसतो आणि चालणाऱ्यांना जन्मही दिलेला नसतो. तुमच्या देवाने दोन्ही केलं आहे.

बावखल

मान्य. दृष्टान्त तिथे अपुरा पडतो आणि अक्वायनसलाही ते माहीत होतं. त्याच्या मते देवाचं ज्ञान हे शिल्पकाराच्या ज्ञानासारखं आहे, नुसत्या बघणाऱ्यासारखं नाही. त्यामुळे तुमचा मुद्दा कायम राहतो, हे मी टाळत नाही.

ओवीबद्ध

प्रवचनं करतो, त्यामुळे आपल्या परंपरेतलं थोडं मांडतो.

माणूस मुद्दाम घडवला का? ऐतरेय उपनिषदात फार सुंदर प्रसंग आहे. देवतांना राहायला जागा हवी होती. त्यांच्यापुढे गाय आणली, त्या म्हणाल्या हे पुरेसं नाही. घोडा आणला, तेच उत्तर. मग पुरुष आणला, तेव्हा त्या म्हणाल्या, 'सुकृतं बत', वा, हे छान झालं. भागवताच्या अकराव्या स्कंधातही हेच आहे: झाडं, सरपटणारे, पशू, पक्षी, मासे अशी नाना शरीरं निर्माण करून देवाचं समाधान झालं नाही, ब्रह्म जाणू शकेल अशी बुद्धी असलेला माणूस घडवला तेव्हा त्याला आनंद झाला. नाथांनी याच स्कंधावर ओव्या रचल्या आणि १५७३ मध्ये काशीत तो ग्रंथ पुरा केला. मी या श्लोकावर अनेकदा बोललो आहे. पण आज हा धागा वाचताना प्रथमच लक्षात आलं की इथे देव एकेक करून बघतो आहे, त्याचं समाधान होत नाही, तो पुढे जातो. आधीपासून सगळं ठरवून बसलेल्याचं हे वागणं वाटत नाही.

दुसरीकडे गीता ७.२६ आहे. मागचे, आत्ताचे आणि पुढे होणारे सगळे जीव मी जाणतो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. आणि तेच अठराव्या अध्यायात म्हणतात, 'यथेच्छसि तथा कुरु', तुला हवं तसं कर. दोन्ही वाक्यं एकाच मुखातली. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा ऋषी तर त्याही पुढे जातो. सृष्टी कुठून झाली हे परम आकाशातला तिचा अध्यक्ष जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल.

शून्यप्रहर, 'चालवायचंच कशाला' याचं उत्तर ब्रह्मसूत्रांत एका शब्दात आहे, लीला. हेतू साधायचा नाही, काही कमी पडलेलं भरून काढायचं नाही. भूपाळी गाणाऱ्याला शेवटचा स्वर माहीत असतो, तरी तो गातो.

वारणाकाठ

मी जैन. आमच्याकडे हा पेच वेगळ्याच जागी पडतो, म्हणून लिहितो.

आम्ही सर्वज्ञ मानतो, सृष्टिकर्ता मानत नाही. केवलज्ञान झालेल्याला तिन्ही काळांतली सगळी द्रव्यं आणि त्यांचे सगळे पर्याय, म्हणजे बदलत्या अवस्था, दिसतात. पण त्याने त्यातलं काहीही घडवलेलं नसतं. विश्व अनादी आहे. त्यामुळे जाणणं आणि करणं या दोन गोष्टी एकाच्याच पदरात टाकल्यावर सातवीण यांची अडचण उभी राहते. वेगळ्या ठेवल्या तर चिलट टिपल्याचा दोष कुणावर येत नाही.

आम्ही सुटलो असं मात्र नाही. केवलींनी पुढचं सगळं पाहिलं असेल तर ते त्याच क्रमाने होणार, मग पुरुषार्थाला अर्थ काय? क्रमबद्धपर्याय या नावाने दिगंबर समाजात यावर कडाक्याचे वाद झाले आहेत. आमच्या घरात वडील आणि काका या एका विषयावर जेवताना बोलत नसत.

सातवीण

वारणाकाठ, हे मला खरोखर उपयोगी पडलं. मी 'माहीत होतं' आणि 'ठरवलं' हे एकच धरून चालले होते. त्या मुलीनेही तेच केलं होतं.

हिवाळी संवर्धन

सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते. उत्क्रांती पुन्हा चालवली तर तेच येईल का, हा प्रश्न प्रयोगशाळेत थोडाफार विचारता येतो.

रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या १२ सारख्या वसाहती वाढवायला घेतल्या. रोज थोडे जिवाणू नव्या पोषक द्रवात घालायचे आणि दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. बाराही वसाहती बऱ्याच बाबतींत सारख्याच दिशेने गेल्या, वाढ वेगवान झाली, पेशी मोठ्या झाल्या. पण सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एकाच वसाहतीला प्राणवायू असतानाही द्रवातलं सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) खाता येऊ लागलं. बाकी अकरा त्याच द्रवात होत्या, त्यांना जमलं नाही. मग गोठवलेले जुने नमुने वितळवून पुन्हा वाढवले. जवळपास २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतून ही क्षमता पुन्हा कधीतरी आली, त्याआधीच्यांतून आली नाही. मध्ये कधीतरी असा बदल झाला होता ज्याने वाट उघडली आणि तो झाला तेव्हा सायट्रेटशी त्याचा काही संबंध दिसत नव्हता.

उलट बाजूही आहे. कॅमेऱ्यासारखा डोळा आपल्याकडे आला आणि ऑक्टोपसकडे स्वतंत्रपणे आला. त्यामुळे सायमन कॉनवे मॉरिस यांच्यासारखे जीवाश्मतज्ज्ञ म्हणतात की काही वाटा इतक्या सोयीच्या असतात की जीवसृष्टी तिथे पोचतेच. स्टीफन जे गूल्ड यांचं म्हणणं नेमकं उलट: फीत मागे नेऊन पुन्हा लावा, माणूस येणार नाही.

एक शब्द मात्र नीट वापरायला हवा. म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, 'योगायोगाने' होतं याचा अर्थ त्याला कारण नसतं असा नाही. जिवाला कशाची गरज आहे हे बघून ते होत नाही, एवढाच अर्थ. कुणाला ते आधी ठाऊक होतं की नाही, यावर माझं शास्त्र काहीच बोलत नाही.

मोहफूल

तीन दिवस वाचतो आहे. लिहू की नको असं चाललं होतं.

आम्ही गडचिरोलीचे. माझ्या भाच्याला सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढंच. रक्तपेशी विळ्यासारख्या होतात, अडकतात, हाडं दुखतात. थंडीत किंवा पाणी कमी प्यायला की त्याचं दुखणं उठतं आणि मग रात्रभर त्याच्या आईने पाय धरून बसायचं. तो नऊ वर्षांचा आहे.

हा दोष आमच्याकडे इतका का आहे, हे मी शोधून वाचलं. ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळतं, म्हणजे जो नुसता वाहक असतो, त्याचं मलेरियापासून बऱ्यापैकी रक्षण होतं. अँथनी ॲलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. म्हणजे मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकलं, कारण त्याने जीव वाचवले. पण दोन वाहकांच्या घरात प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता असते की मूल दोन्हीकडून तेच घेऊन येईल. माझे आजोबा-पणजोबा कदाचित याच जनुकामुळे तापातून वाचले असतील आणि त्यांचं देणं हे पोर फेडतं आहे.

नैसर्गिक निवड म्हणून मला हे समजतं. राग येत नाही. हिशोब आहे, त्यात कुणाचा चेहरा नाही. पण हे कुणाला आधीपासून दिसत होतं आणि त्याने हेच सीड उचललं, असं म्हटलं की मला त्या देवापुढे हात जोडता येत नाहीत. मला दोघांपैकी एक द्या. न जाणणारा देव द्या, किंवा न घडवणारा. दोन्ही करणारा नको.

ओवीबद्ध

मोहफूल दादा, ब्रह्मसूत्रांत यावर थेट सूत्र आहे. ईश्वराकडे पक्षपात नाही, क्रूरपणाही नाही, कारण तो जीवांच्या कर्माला धरून सृष्टी करतो. संचित आणि प्रारब्ध यांचा विचार

मोहफूल

तुमच्याबद्दल आदर आहे, महाराज. पण ते त्याच्या संचितावर टाकू नका.

ओवीबद्ध

वाक्य पुरं न करताच पाठवलं गेलं, आणि बरं झालं. आता ते पुरं करत नाही. सूत्र मंडपात बोलायला सोपं आहे, त्या पोराच्या उशाशी बसून मी ते बोललो नसतो. जे तिथे बोलता येत नाही ते इथे तरी का बोलावं, याचा मी विचार करतो आहे. लीला हा शब्दही मी वर फार सहज वापरला.

बावखल

आमच्याकडेही याला पुरं पडणारं उत्तर नाही. आमच्या श्रद्धेत देव स्वतः क्रुसावर दुःख भोगतो, एवढंच आम्ही पुढे ठेवू शकतो. त्याला माहीत होतं, आणि तो त्यात उतरला. याने तुमचा प्रश्न सुटत नाही, मला कळतं. भाच्यासाठी प्रार्थना करतो.

घाटवाट

मोहफूल, भाच्याचं औषध नियमित मिळतं का? हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर मध्ये खंड पडू देऊ नका. जिल्ह्याच्या ठिकाणी काही अडलं तर मला निरोप टाका, येणं-जाणं असतं.

मोहफूल

मिळतं आहे. मागच्या हिवाळ्यापेक्षा यंदा दुखणी कमी उठली. विचारल्याबद्दल आभार.

सातवीण

आज ती मुलगी भेटली. मी तिला सांगितलं की तिच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. त्याला माहीत होतं का, त्याने ठरवलं का, आणि हे घडलं कसं. तिसऱ्याचं उत्तर पुस्तकात आहे आणि ते पक्कं आहे: कुठलंही म्युटेशन गरज बघून येत नाही. सिकलसेलचं जनुक मलेरियावर तोडगा म्हणून आलं नाही. आलं, आणि मलेरिया होता म्हणून टिकलं. पहिल्या दोन प्रश्नांपाशी डार्विन आणि ग्रे आयुष्यभर मित्र राहून वेगवेगळ्या जागी उभे राहिले, हेही तिला सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही कुठे उभ्या आहात?" मी म्हटलं, मागच्या महिन्यापर्यंत मला वाटायचं नियम देवाचे आणि तपशील योगायोगाचे. आता ते मला म्हणता येत नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही सापडलेलं नाही. तरी वारीला मी जाणार आहे. तिला ते विचित्र वाटलं असावं, पण ती हसली नाही.

सोमवारी पूर्ण वर्गापुढे हे बोलायचं आहे. मोहफूल, सिकलसेलचं उदाहरण घेतलं तर चालेल ना?

मोहफूल

घ्या. फक्त 'रोगी' म्हणू नका आणि शरीराचा बिघाड म्हणू नका. वर्गात तपासणी झालेलं एखादं पोर गप्प बसलेलं असू शकतं. आधी वाहकांचं सांगा, मलेरियातून वाचलेल्यांचं, आणि मग दुसरी बाजू.

सातवीण

तसंच सांगते.